महिन्याकाठी एक लढत

डिसेंबर १९४० मध्ये बॉस्टनला अल मॅकॉय. जानेवारीत न्यूयॉर्कला रेड बर्मन. फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला गस डोरॅझिओ, मार्चमध्ये डेट्रॉइटला एब सायमन, एप्रिलमध्ये सेंट लुईला टोनी मस्टो, मे महिन्यात वॉशिंग्टनला बडी बेअर आणि जूनमध्ये पुन्हा न्यूयॉर्कला बिली कॉन. सात महिने, सहा शहरं, सात लढती. आणि सातही वेळा हेवीवेटचं जगज्जेतेपद पणाला लागलेलं. मुष्टियोद्धा जो लुईच्या कारकिर्दीतली ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो. शेवटचं नाव सोडलं तर यातली बाकीची सहा नावं आज फारशी कुणाच्या ओठी नाहीत. तरी लुईचं मोठेपण समजून घ्यायला मी सुरुवात इथूनच करतो.

लुई म्हटलं की लोकांना आठवते ती २२ जून १९३८ची रात्र. यँकी स्टेडियम, समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग, आणि १२४ सेकंदांत संपलेली लढत. त्या रात्री अख्खी अमेरिका रेडिओला कान लावून बसली होती. अशा रात्री अंगात बळ आपोआप येतं. सारा देश पाठीशी असतो, प्रतिस्पर्ध्याचं नाव मोठं असतं, इतिहास दाराशी उभा असतो. पण फेब्रुवारीतल्या थंडीत डोरॅझिओसमोर उतरताना यातलं काही नसतं. निकाल काय लागणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. जिंकलं तर कौतुक नाही आणि हरलं तर सर्वस्व गेलं. अशा लढतीसाठी पहाटे उठून धावायला जो बाहेर पडतो, त्याच्या निष्ठेला मी मानतो.

ही निष्ठा लुईला जन्मतः मिळालेली नव्हती. एका पराभवाने ती त्याच्यात रुजवली. जून १९३६ मध्ये श्मेलिंगशी त्याची पहिली गाठ पडली, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि व्यावसायिक रिंगणात एकदाही हरलेला नव्हता. नुकताच त्याला गोल्फचा नाद लागला होता आणि सराव अर्धामुर्धाच झाला होता. श्मेलिंगने मात्र त्याच्या लढतींच्या फिल्म बारकाईने पाहून ठेवल्या होत्या. डावा ठोसा मारून झाला की लुईचा हात किंचित खाली येतो, तेवढीच फट त्याने हेरली होती. त्या फटीतून श्मेलिंगचा उजवा हात पुन्हा पुन्हा आत शिरला आणि बाराव्या फेरीत लुई आडवा झाला.

त्यानंतरच्या वर्षभरात लुई सात लढती लढला. ऑगस्टमध्ये जॅक शार्की, डिसेंबरात क्लीव्हलँडला एडी सिम्स, जानेवारीत बॉब पास्टर, अशी एकेक पायरी. सिम्स पहिल्याच फेरीत गारद झाला, पास्टरने मात्र दहाही फेऱ्या पळवून दमवलं. या सगळ्या सरावाच्या लढती होत्या असं आज सहज म्हटलं जातं. पण हात खाली येऊ न देण्याची सवय अंगात मुरली ती या लढतींतच. २२ जून १९३७ला शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडून तो जगज्जेता झाला, तेव्हा त्या एका उजव्या ठोशामागे वर्षभराची ही बेगमी होती.

गोऱ्या जगज्जेत्याला परवडेल अशी ढिलाई काळ्या लुईला परवडणारी नव्हती, हेही विसरता येत नाही. काळा जगज्जेता जॅक जॉन्सन याने १९१५ मध्ये किताब गमावला आणि पुढची २२ वर्षं एकाही काळ्या मुष्टियोद्ध्याला हेवीवेटच्या किताबासाठी रिंगणात उभं राहू दिलं गेलं नाही. जॉन्सनचं बेधडक वागणं गोऱ्या अमेरिकेला सहन झालं नव्हतं. म्हणून लुईच्या व्यवस्थापकांनी त्याला कडक नियम घालून दिले होते: पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढून घ्यायचा नाही, वागणं स्वच्छ ठेवायचं. तो एकदा जरी गाफील राहून हरला असता, तरी ते दार पुन्हा किती वर्षं बंद झालं असतं कोण जाणे. त्यामुळे इतरांच्या लेखी जी किरकोळ लढत, तिच्यातही त्याच्या खांद्यावर एका समाजाचं ओझं होतं.

वर्तमानपत्रवाल्यांनी १९४०-४१च्या त्या मोसमातल्या प्रतिस्पर्ध्यांना 'दर महिन्याचा एक भणंग' अशा अर्थाचं नाव ठेवलं. मला ते नाव मान्य नाही. आपल्याकडे जत्रेच्या फडात दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात, तेव्हाही लंगोट कसून उतरणाऱ्या पोरामागे त्याचा गाव उभा असतो. तसंच या माणसांचं होतं. डोरॅझिओ फिलाडेल्फियाचा, आणि जगज्जेता त्याच्याच गावात येऊन त्याच्याशी लढला. अडीचशे पौंडांच्या सायमनने तेराव्या फेरीपर्यंत तग धरला. आणि बडी बेअर? साडेसहा फुटांच्या या गड्याने वॉशिंग्टनला पहिल्याच फेरीत लुईला असा ठोसा हाणला की जगज्जेता दोरांमधून थेट रिंगणाबाहेर गेला. त्या लढतीची जुनी काळीपांढरी फिल्म पाहताना अजूनही छातीत धस्स होतं. लुई मात्र दोराला धरून परत आत येतो, चेहऱ्यावर राग नाही की लाज नाही, आणि पुढच्या क्षणी पुन्हा डावा हात पुढे. पायांची हालचाल तीच, हनुवटी तितकीच खाली. गुरू जॅक ब्लॅकबर्नने घोटून घेतलेलं कसं कठीण वेळी कामी येतं, ते त्या काही सेकंदांत दिसतं.

प्रतिस्पर्ध्याचा मान कसा राखावा, हेही लुईकडून शिकावं. जानेवारी १९३९ मध्ये त्याच्यासमोर जॉन हेन्री लुईस उभा होता. तो लाइट हेवीवेटचा जगज्जेता आणि लुईचा मित्र. त्याची एका डोळ्याची नजर जात चालली होती, कारकीर्द संपत आली होती, आणि या लढतीतून त्याला चांगले पैसे मिळणार होते. लुईने ती पहिल्याच फेरीत संपवली. मित्राला उगाच पंधरा फेऱ्या मार खायला लागू नये म्हणून त्याने घाई केली, असं सांगतात. वरून निर्दय वाटणाऱ्या त्या फेरीत मला तरी मायाच दिसते.

मग आला बिली कॉन. १८ जून १९४१, पोलो ग्राउंड्स, ५० हजारांवर प्रेक्षक. कॉन पिट्सबर्गचा, देखणा, चपळ, वजनाने लुईपेक्षा २५ पौंडांनी हलका. महिन्याकाठच्या रांगेतला आणखी एक, असं समजून आलेल्यांना त्याने बारा फेऱ्या श्वास रोखून बसवलं. तो आत शिरायचा, तीन-चार ठोसे मारायचा आणि लुईचा हात पोचेपर्यंत बाजूला झालेला असायचा. बारा फेऱ्यांनंतर तिघांपैकी दोघा परीक्षकांच्या गुणपत्रकावर तो पुढे होता. उरलेल्या तीन फेऱ्या नुसतं दूर राहिला असता, तरी किताब त्याचा होता. पण त्याला लुईला पाडायचंच होतं. तेराव्या फेरीत तो ठोशाला ठोसा देत उभा राहिला. लुईला एवढंच हवं होतं. उजवा हात जबड्यावर बसला, मग दोन्ही हातांची ती आखूड, सरळ, एकही वाया न जाणारी माळ. कॉन एकदम कोसळला नाही. कमरेतून वाकत, वळत, हळूहळू खाली गेला. पंचाने दहा मोजले तेव्हा फेरी संपायला दोन सेकंद उरले होते.

पुढे युद्ध आलं. जानेवारी १९४२ मध्ये लुई पुन्हा बेअरशी लढला आणि सगळी कमाई नौदलाच्या मदतनिधीला दिली. मार्चमध्ये पुन्हा सायमनशी लढला, ती कमाई सैन्याच्या निधीला. बेअरच्या लढतीवेळी ब्लॅकबर्नचे सांधे इतके धरले होते की रिंगणाच्या पायऱ्या चढणं त्याला जड जात होतं. एकदाच चढा, दुसऱ्यांदा चढायची वेळ येणार नाही, असं लुईने त्याला सांगितल्याची आठवण आहे. बेअर पहिल्याच फेरीत संपला. मग लुई सैन्यात भरती झाला आणि जवानांसमोर सुमारे शंभर प्रदर्शनी लढती लढला. त्याच देशाच्या कर खात्याने पुढे त्याच्यावर लाखो डॉलरांची थकबाकी काढली आणि त्या कर्जापायी दमल्या शरीराने त्याला पुन्हा रिंगणात उतरावं लागलं. हा अन्याय वाचताना आजही संताप येतो.

डिसेंबर १९४७ मधली जर्सी जो वॉलकॉटशी झालेली लढत आधी प्रदर्शनी म्हणूनच ठरली होती. न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध आयोगाने हरकत घेतली म्हणून किताब पणाला लागला. ३३ वर्षांच्या, लेकरांचा मोठा संसार ओढणाऱ्या वॉलकॉटने लुईला दोनदा खाली बसवलं. पंचाने कौल वॉलकॉटला दिला, दोन परीक्षकांनी लुईला, आणि किताब कसाबसा राहिला. सहा महिन्यांनी लुईने त्याला पुन्हा संधी दिली आणि अकराव्या फेरीत हरवून हिशेब चुकता केला.

'सोपी' लढत किती महाग पडते, हे नंतरच्या जगज्जेत्यांनाही कळलं. १९७८ मध्ये महंमद अली अवघ्या सात व्यावसायिक लढतींचा अनुभव असलेल्या लिऑन स्पिंक्सकडून हरला. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत माइक टायसनसमोर बस्टर डग्लस आला, तेव्हा सट्टेबाजांचा भाव ४२ला एक होता आणि लोक टायसनच्या पुढच्या लढतीची बोलणी करत होते. काही दिवसांपूर्वीच आईला गमावलेला डग्लस दहाव्या फेरीत जगज्जेता झाला.

लुईने मार्च १९४९ मध्ये किताब न हरता सोडला, तेव्हा तो जवळजवळ बारा वर्षं त्याच्याकडे होता. या काळात २५ वेळा तो पणाला लागला आणि २५ही वेळा त्याच्याकडेच राहिला. हेवीवेटमध्ये हा आकडा अजून कुणाला ओलांडता आलेला नाही. लॅरी होम्ससारखा खंदा जगज्जेताही २० पर्यंतच पोचला. कुणाला तो ओलांडायचा असेल, तर त्याने मस्टो आणि डोरॅझिओसमोरही श्मेलिंगसमोर उतरावं तसंच उतरायला हवं.