एकर, गुंठा, चौरस फूट

नाशिक फाट्यावर मेट्रोतून उतरून वाकडच्या दिशेनं निघालं, की रस्ता पवना ओलांडतो. पूल मागे पडतो आणि दोन्ही अंगांना इमारती सुरू होतात. हे पिंपळे सौदागर. इथल्या एका चौकाचं नाव शिवार आहे. प्रत्यक्ष शिवार शोधू पाहावं, तर नजर अडते ती फ्लॅटच्या जाहिरातींवर. जागेचा भाव इथे चौरस फुटावर चालतो.

याच गावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान येऊन बसले होते. मूळचे ते रसायनशास्त्रज्ञ. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे अशा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी गावाची माती तपासली, जमिनीची मोजदाद केली आणि घरोघरचा जमाखर्च मांडला. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1917 साली आलं. एखाद्या भारतीय गावाकडे इतक्या बारकाईनं पाहणाऱ्या पहिल्यावहिल्या अभ्यासांत त्याची गणना होते.

मान यांनी जुनी दप्तरंही उघडली. 1771 मध्ये, पेशवाईत, गावातल्या एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1818 मध्ये, पेशवाई बुडाली त्या वर्षी, ती साडेसतरा एकरांवर आली होती. 1820 ते 1840 च्या दरम्यान ती 14 एकर भरत होती आणि 1914-15 मध्ये उरली 7 एकर. पूर्वी दोन एकरांहून लहान खातं जवळजवळ ऐकिवात नव्हतं. मान आले तेव्हा शंभरातली साठ खाती पाच एकरांच्या आत होती.

नुसती खाती लहान झाली असती तरी एक वेळ निभावलं असतं. पण वाटणीला बसलेल्या भावांना प्रत्येक प्रकारच्या जमिनीत वाटा हवा असे, नदीकाठच्या काळ्या रानात आणि माळावरच्या मुरमाडीतही. तसा तो हवा असणं रास्तच होतं. सगळा माळ एकाच्याच वाट्याला का यावा? मात्र त्यापायी 156 खातेदारांच्या जमिनीचे 729 तुकडे झाले. त्यांतले 463 तुकडे एकराच्या आतले होते. 112 तर दहा गुंठेसुद्धा भरत नव्हते. अशा तुकड्यावर औत फिरवायचं म्हणजे एक वळण घेईतो दुसरा बांध आडवा येणार.

मग घरं चालत होती कशावर? गावातल्या 103 कुटुंबांपैकी नुसत्या शेतीवर नीट भागत होतं ते आठांचं. बाहेरची कमाई जमेस धरली तर आणखी अठ्ठावीसांचं. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ, पुणंही जवळ, म्हणून तेवढा तरी आधार होता. उरलेल्या 67 कुटुंबांना शेती आणि मजुरी दोन्ही करूनही मान यांनी धरलेला किमान खर्च भागवता येत नव्हता. ‘पूर्वी गावात कसं सगळं भरल्या घरासारखं होतं’ असं म्हणताना या 67 घरांच्या चुली आठवायला हव्यात.

शहराच्या सावलीतल्या गावाची ही गत, तर लांबच्या गावाची काय असेल? मान आणि कानिटकर पुढे शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकला गेले. आज तिकडे जायचं तर नगर रस्ता धरावा लागतो. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी मागे टाकत शिक्रापूरला पोचायचं आणि तिथून आत वळायचं. तेव्हाचं जातेगाव जिराईत, सारी भिस्त पावसावर. 1921 च्या त्यांच्या अहवालात 147 कुटुंबांची नोंद आहे. त्यांतल्या 10 घरांना शेती पुरत होती, 12 घरांना बाहेरच्या कामाची जोड पुरत होती. राहिली 125.

जमिनीचे तुकडे थांबावेत म्हणून 1947 साली मुंबई सरकारनं तुकडेबंदीचा कायदा केला. पण दोन्ही गावांचं रूप पालटलं ते कारखान्यांनी. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि पुढे पलीकडे हिंजवडी उभी राहिली. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या 17 लाखांच्या वर गेली होती. पिंपळे सौदागर आज त्याच शहरात आहे. शिरूरकडेही सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव इथे कारखाने आले. चासकमानच्या कालव्यानं खेड-शिरूरच्या पट्ट्यात पाणी आणलं.

मान यांनी वेगळी मोजलेली ‘बाहेरची कमाई’ आता वेशीपर्यंत आली आहे. शिक्रापूरच्या चौकात संध्याकाळी कंपनीच्या बस थांबतात. गणवेशातली पोरं उतरतात, कडेला लावलेल्या मोटारसायकली काढतात आणि आपापल्या गावाच्या रस्त्याला लागतात. वाटेत प्लॉटचे फलक दिसतात, भाव गुंठ्यावर. त्यांच्या मागे उरलेल्या रानात कांदा आहे, आणि घरी गाईंच्या धारा काढायची वेळ होत आली आहे.