लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे

इनप्लांट ट्रेनिंग आपल्याकडे कसं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दिवशी ओळख करून घ्यायला जायचं, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणायला जायचं, आणि मधले दिवस रिपोर्ट कोणाचा छापायचा या विचारात काढायचे. मीही याच तयारीने निघालो होतो. पण माझ्या नशिबी आला एका फ्लाइंग स्कूलचा हँगर! गावाबाहेर माळावर एक धावपट्टी, शेजारी पत्र्याची उंच शेड, आणि शेडमध्ये नाकतोड्यासारखं पाय पसरून उभं असलेलं जुनं सेस्ना १७२.

माझं काम काय, तर या विमानाचे बाहेरचे दिवे काढून एलईडी बसवायला मदत करायची. होस्टेलवर फोन केला तर रूम पार्टनर म्हणाला, "म्हणजे बल्ब बदलायला गेलायस!" मलाही तसंच वाटलं होतं. एलईडी म्हणजे आपला घरचा विषय. सेकंड इयरपासून ब्रेडबोर्डवर किती जाळले असतील!

पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं. "सर, यात बाजारातला चांगला पांढरा एलईडी टाकला तर? लाल-हिरवी काच तर आहेच."

सर म्हणजे तिथले मेंटेनन्स इंजिनिअर. ते हसले नाहीत. ड्रॉवरमधून जुन्या दोन काचा काढून दिल्या आणि म्हणाले, "टाकून बघ. पण टेबलावर. विमानाला हात लावायचा नाही."

टाकून बघितलं. लाल काचेमागे उजेड मेल्यासारखा झाला. हिरव्या काचेमागे तर निळसर काहीतरी दिसायला लागलं, मेडिकलच्या पाटीसारखं. मग डोक्यात उजेड पडला. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर. (या निळ्या एलईडीसाठी २०१४ साली फिजिक्सचं नोबेल मिळालं, हे आपण व्हायव्हासाठी पाठ केलेलं असतं.) त्या उजेडात लाल भाग मुळातच कमी, मग काचेतून बाहेर येणार काय? आणि हिरवी काच बनवलेलीच असते फिलामेंटच्या पिवळट उजेडासाठी, म्हणून ती स्वतः थोडी निळी असते. नवीन युनिटमध्ये म्हणूनच रंगीत काच नसते. एलईडीच लाल, एलईडीच हिरवा, वर साधं पारदर्शक कव्हर.

रंगाचं एवढं कौतुक कशाला, तर हे दिवे पायलटला दिसावं म्हणून नसतातच. ते दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून असतात. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा. पद्धत जहाजांवरून आलेली. पुढचे दोन प्रत्येकी ११० अंशांत दिसायचे, मागचा १४० अंशांत. बेरीज करा, बरोबर ३६० येते. अंधारात नुसता लाल दिसला तर समजायचं की त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. नुसता पांढरा दिसला तर तो लांब चाललाय. लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तो सरळ आपल्या अंगावर येतोय! आता हिरव्याच्या जागी निळसर पांढरं काहीतरी दिसलं तर समोरच्याने काय समजायचं? म्हणून मग रंगाच्या सीमा ठरलेल्या, कोनानुसार तीव्रता ठरलेली, पोझिशन लाइटला टीएसओ-सी३०, अँटीकोलिजन लाइटला टीएसओ-सी९६, शिवाय त्या मॉडेलच्या विमानावर बसवायची वेगळी मंजुरी. कागदांची फाइल दिव्यापेक्षा जड होती, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

बदलायचं कारण साधं होतं. विमान १४ व्होल्टचं. जुने तीन बल्ब प्रत्येकी २६ वॅटचे, म्हणजे नुसत्या त्यांनाच साडेपाच अँपिअर. लँडिंग लाइट १०० वॅटचा, ४५०९ नंबरचा, ज्याचं रेटेड आयुष्य २५ तास! त्यात तो नाकावर, इंजिनच्या थरथरीत. काकांनी (तिथले जुने मेकॅनिक, सगळे त्यांना काकाच म्हणतात) असे दिवे किती बदलले याचा हिशोब सोडून दिला होता. पंखांच्या टोकांना झेनॉनचे स्ट्रोब, त्यांचे पॉवर सप्लाय पंखात. "त्याला हात लावू नको रे, बंद केल्यावरपण मारतो," हे काकांचं पहिलं वाक्य. कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट राहतात. नवीन युनिटमध्ये पोझिशन लाइट आणि स्ट्रोब एकाच डबीत, त्यामुळे ते पॉवर सप्लाय कायमचे बाहेर.

आता जे सांगायचंय ते.

नवीन युनिटची अर्थची वायर पंखाच्या धातूला जोडायची असते. जोडायच्या जागी रंग आणि प्रायमर खरवडून चकचकीत अॅल्युमिनियम काढायचं, मग बाँडिंग मीटरने मिलीओहममध्ये रीडिंग घ्यायचं आणि शीटवर लिहायचं. डाव्या पंखाचं मी नीट केलं. रीडिंग आलं २.०. उजव्याला हात घालेपर्यंत दुपारचे दोन वाजले होते, पत्रा तापला होता, डबा थंड झाला होता. थोडं खरवडलं, स्क्रू आवळला, आणि शीटवर लिहिलं २.२. सारखंच २.० लिहिलं नाही, कारण इंजिनिअरिंगच्या पोराला एवढं कळतं की दोन्ही रीडिंग्ज सारखी आली की सर विचारतात! तीन वर्षं जर्नल असंच भरलंय. हात आपोआप चालला.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करून टेस्ट. दिवे झकास लागले. पण पोझिशन लाइट ऑन केले की हेडफोनमध्ये खरखर, बंद केले की गायब. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि तोही एएम, म्हणजे आसपासचा सगळा कचरा थेट कानात. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये स्विचिंग असतं, तो कचरा करणारच. म्हणून तर चांगलं अर्थिंग लागतं.

सरांनी शीट बघितलं. "बाँडिंग तर ठीक आहे," म्हणाले. मग अँटेनाची केबल तपासली. मग काकांनी पॅनेलमधून रेडिओ बाहेर ओढायला घेतला. पाठीवर झोपून, पाय बाहेर, साठीचा माणूस. मी टॉर्च धरून उभा. संध्याकाळपासून त्या विमानावर नाइट फ्लाइंग होतं, माझ्याएवढाच एक मुलगा सोलो जाणार होता. सीपीएलसाठी रात्रीचे तास लागतातच, त्याचे तेवढेच राहिले होते. तो दोनदा येऊन विचारून गेला, "होईल ना आज?"

खरं सांगतो, मी अर्धा तास गप्प उभा होतो. खरवड नक्की त्यामुळेच आहे असं कुठेय, अशी स्वतःची समजूत घालत होतो. शेवटी काकांच्या बोटाला पत्रा लागून रक्त आलं, तेव्हा बोललो. "सर, उजव्याचं रीडिंग मी घेतलंच नव्हतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. सरांनी शीट माझ्यापुढे ठेवलं. "२.२ वर एक रेघ मार. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख." मग मीटर हातात दिलं. उजव्याचं खरं रीडिंग ६०० च्या पुढे होतं. टर्मिनलखाली प्रायमर तसाच.

"आता डाव्याचंही परत घे," सर म्हणाले.

"सर, ते खरंच घेतलं होतं."

"ते तुला माहीत आहे. मला कसं कळणार?"

सगळी परत घेतली. शेपटीचंही. बोटाला पट्टी बांधून काका रेडिओ परत बसवत होते, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दिवे लावून कंपास तपासायचं बाकी होतं, त्यात अंधार पडला. त्या दिवशीचं फ्लाइंग रद्द झालं. तो मुलगा काही न बोलता बॅग उचलून गेला. त्याला कारण कुणी सांगितलं नाही, आणि मीही नाही.

दुसऱ्या रात्री मी मुद्दाम थांबलो. काका शेडबाहेर खुर्ची टाकून बसले होते, हातात छोटा रेडिओ. विमान उठलं, शेपटीचा पांढरा ठिपका लांब गेला. मग ते डावीकडे वळलं आणि नुसता लाल दिसायला लागला, काळ्या माळावरून सरकत जाणारा. बराच वेळ तो लाल एकटाच. मग परत वळण.

"फायनल," असा त्या मुलाचा आवाज रेडिओवर आला. स्वच्छ, मागे काही नाही.

"दोन्ही दिसतायत का रे?" काकांनी विचारलं. दोन दिवसांतलं त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"दिसतायत काका."

"मग खुर्ची आण अजून एक. अजून चार लँडिंग आहेत त्याची."

– टी. ई., इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन