न झालेले गोल

कॉलेजात असताना मी फुटबॉलमध्ये बॅक खेळत असे. सामना संपवून चिखलाने माखलेला घरी आलो की बाबांचा प्रश्न ठरलेला असे, "आज किती घातलेस?" गोव्यातल्या घरात या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माझे उत्तरही ठरलेलेच. तीन वर्षांत मी एकही गोल केला नाही. दुकान सोडून मैदानावर येणे बाबांना जमत नसे, त्यामुळे मी काय अडवले हे त्यांनी पाहिले नाही आणि मीही कधी सांगितले नाही.

हे आठवण्याचे कारण जपानचा मासामी इहारा. त्याचा जन्म १९६७ चा, शिगा प्रांतातला. शाळेत तो आघाडीला खेळे. त्सुकुबा विद्यापीठाच्या काळात तो बचावफळीत स्थिरावला. तिथला त्याचा समवयस्क सोबती म्हणजे मासाशी नाकायामा. एक पुढे गोल करणारा, दुसरा मागे गोल राखणारा. पुढे दोघेही राष्ट्रीय संघात एकत्र खेळले.

इहारा योकोहामाच्या मारिनोस संघाचा आधारस्तंभ झाला. १९९२ साली हिरोशिमात जपानने आशिया चषक प्रथमच जिंकला, त्यात तो होता. मग २८ ऑक्टोबर १९९३ चा दोहा येथील तो सामना. इराकला हरवले की विश्वचषकाचे दार उघडणार होते आणि जपान २-१ असा पुढे होता. भरपाई वेळेत कॉर्नर झाला, इराकच्या खेळाडूने हेडर मारला आणि २-२. जपानी खेळाडू हिरवळीवर बसले ते उठेनात. बचावपटूचे दुर्दैव असे की नव्वद मिनिटे तो काय करतो ते कोणी लिहून ठेवत नाही. एक क्षण चुकला की तो मात्र इतिहासात जातो. हिशेब तपासणीच्या खात्यात आयुष्य घालवल्यामुळे मला हे जरा जास्तच कळते. पकडलेली चूक फायलीतच राहते, सुटलेली चूक विधानसभेत जाते.

इहारा मात्र तिथेच उभा राहिला. जून १९९५ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध त्याने हेडरने बरोबरी साधली. सामना जपानने १-२ असा गमावला. त्याच वर्षी मारिनोसने लीग जिंकली आणि तो आशियातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. हा मान सहसा गोल करणाऱ्यांकडे जातो. त्याला 'आशियाची भिंत' म्हणत. १६ नोव्हेंबर १९९७ रोजी जोहोर बाहरू येथे, कर्णधार इहाराच्या संघाने इराणला जादा वेळेत ३-२ असे हरवले. निर्णायक सुवर्ण गोल ओकानोचा होता. जपान प्रथमच विश्वचषकात पोहोचला.

१४ जून १९९८, रविवार. बाहेर मिरगाचा पाऊस कोसळत होता. तुलूझला जपानची पहिली लढत अर्जेंटिनाशी होती. बाबा माझ्या शेजारी आरामखुर्चीत बसले होते. तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. बातिस्तुताने गोल केला. जपान ०-१ ने हरला, पुढे क्रोएशियाकडूनही तसाच. जमैकाविरुद्ध १-२ अशा पराभवात जपानचा विश्वचषकातला पहिला गोल नाकायामाने केला, आणि तो आजही सर्वांच्या स्मरणात आहे. इहारा तिन्ही सामने खेळला. २००२ मध्ये तो निवृत्त झाला: आंतरराष्ट्रीय सामने १२२, गोल अवघे ५. सामन्यांचा हा विक्रम २०१२ साली एन्दोने मागे टाकेपर्यंत टिकला.

अर्जेंटिनाच्या त्या सामन्यात उत्तरार्धात बाबा बराच वेळ गप्प होते. मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "तो चार नंबरवाला बघ. धावत नाही, आधीच तिथे उभा असतो."

"हो. तो कप्तान आहे."

जरा थांबून त्यांनी विचारले, "तू असाच उभा राहायचास काय रे?"

मी हो म्हणालो. तेवढ्यात वीज गेली आणि आम्ही दोघे अंधारात दिवा येण्याची वाट पाहत बसलो.