हस्तर कोणत्या पुराणातला?

लोककथा आणि मिथके यांनी आधुनिक अद्भुतिकेला काय दिले, असा प्रश्न उपस्थित झाला की आपली समीक्षा बहुधा उगमशोधाकडे वळते. टोल्किनच्या 'द हॉबिट' (१९३७) मधील बुटक्यांची नावे 'व्होलुस्पा' या प्राचीन नॉर्स काव्यातून आली. तेथे 'गँडाल्फ' हेही एका बुटक्याचेच नाव आहे. ही माहिती मोलाची खरी. पण ती नोंदवल्याने कादंबरीचा अर्थ कितीसा उलगडतो?

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाने हा प्रश्न माझ्यापुरता निकडीचा केला. 'हस्तर कोणत्या पुराणातला?' असे लोकसाहित्याच्या वर्गात मला वारंवार विचारले जाते. तो कोणत्याच पुराणातला नाही. समृद्धीच्या देवतेचा हा पहिला पुत्र सोने बळकावतो. धान्याकडे वळताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. माता त्याला वाचवते, ती त्याची पूजा होऊ नये, त्याचे विस्मरण व्हावे, या अटीवर. ही कथा नव्याने रचलेली आहे. तरीही ती जुनी वाटते. कारण तिने उसने घेतले आहे ते कथानक नव्हे, लोककथेचे व्याकरण. निषेध, त्याचा भंग आणि पिढ्यान्‌पिढ्या फेडावी लागणारी किंमत हा तिचा सांगाडा. हस्तरला भुलवणारी पिठाची बाहुली पाहताना यज्ञपरंपरेतील पिष्टपशू आठवतो. पिठाचे संरक्षक रिंगण पाहताना लक्ष्मणरेषा.

मात्र येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. खंडोबाची कथा जागरणात गायिली जाते. तिच्यामागे वाघ्या-मुरळींचे जगणे आहे. म्हाळसा आणि बाणाई यांच्या रूपाने भिन्न समाजांचे नाते तिने सांभाळले आहे. हस्तरमागे ना विधी, ना समाज. 'तुंबाड'चे कर्तृत्व असे की, हा अभावच त्याने कथेचा आशय केला: पुराणांत हस्तर न सापडणे हा जणू त्या अटीचाच पुरावा ठरतो.

म्हणून हस्तरला परंपरेच्या खात्यात जमा करणे मला उचित वाटत नाही. त्यात निर्मात्याच्या प्रतिभेचे श्रेय नाकारले जाते. आणि ज्यांनी आपली दैवतकथा रात्री जागवून जतन केली, त्यांचा वारसा आपण केवळ वातावरणनिर्मितीची सामग्री ठरवतो. दुसरा अन्याय अधिक गंभीर आहे.