सोनेरी रान

तेलंगणातल्या निर्मल गावच्या चित्रांत रान काळोखातून सोनेरी उमलतं. पाणवठ्यावर हरणं, वाकलेल्या फांद्या, डोक्यावर घडा घेतलेली एखादी बाई. पूर्वी रंग खनिजांचे, वनस्पतींचे असत. आता डुको हा तयार रंग आला. 2016 मध्ये निर्मल आदिलाबादपासून वेगळा जिल्हा झाला, तरी हे रान दोन्हीकडच्या भिंतींवर टिकून आहे.

इथल्या निसर्गचित्रकाराच्या हातात ही रीत लवकर बसते. दूरचे डोंगर निळसर पातळ वॉशमध्ये सोडायचे, विजेचा खांब गाळायचा. कुंतालाचा धबधबा काढताना पायऱ्या, रेलिंग गाळायचं (चिप्सची पाकिटं तर अर्थातच). गाळणं हे या कामातलं निम्मं कसब. पण खांब गाळायला सरावलेला कुंचला झोपडीही सहज गाळून जातो.

इंग्रज चित्रकार गेन्सबरोने 1750च्या सुमारास अँड्र्यूज दांपत्य त्यांच्या जमिनीवर रंगवलं. शेतात गव्हाच्या पेंढ्या आहेत. त्या कापणारं, बांधणारं माणूस एकही नाही. मालकी मिरवायची तर राबणारे हात मध्ये कशाला!

आदिलाबादेत हे एवढ्यावर भागत नाही. निजामाच्या राजवटीत जंगल राखीव झालं, हद्दी आखल्या गेल्या आणि पोडू म्हणजे फिरती शेती करणारे गोंड, कोलाम आदिवासी आपल्याच रानात अतिक्रमण करणारे ठरले. जल, जंगल, जमिनीसाठी लढणारे कुमराम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारले गेले. भीमांच्या बंडानंतरच मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ गोंडांचे प्रश्न समजून घ्यायला त्यांच्या गावांत आले. तरीही 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्याच मागणीसाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा 13 मृतांचा. माणसं त्याहून कितीतरी जास्त सांगतात.

अशा मुलखात माणसांविना रंगवलेलं जंगल निरागस राहत नाही. राखीव वनाचा नकाशा आणि दिवाणखान्यातली फ्रेम, दोन्हींत वस्ती गायब.

गोंड चित्रात येतो तो गुसाडी नर्तक होऊन, दिवाळीच्या दंडारी उत्सवात, डोक्यावर मोरपिसांचा डौलदार मुकुट. हे रूप खरंच देखणं आहे, आणि गोंडांचं स्वतःचं आहे. मात्र तोच माणूस कापसाच्या तासांत वाकलेला, किंवा पट्ट्याचे कागद घेऊन कचेरीच्या ओट्यावर बसलेला, क्वचितच फ्रेममध्ये जातो. गिऱ्हाईक नाच घेतं, पट्टा नाही.

त्या गोळीबारातल्या मृतांच्या स्मरणार्थ उभारलेला इंद्रवेल्लीचा हुतात्मा स्तूप रंगवायला बसलं की नेहमीच्या युक्त्या अडतात. हिरव्यात तो तांबडा उभा रंग नजर सोडत नाही. धुकं घालून त्याला मागे ढकलावं तर चित्र खोटं दिसतं. पुढे आणावं तर डोंगर लहान होतात, हरणांना जागाच उरत नाही. मग मांडणी त्याच्यापासूनच सुरू करावी लागते.