म्हाताऱ्या माणसांनी घरातच बसावं का?

मैत्रिणींनो, घरात सासूबाई असोत की आई, ‘आता एकट्या कुठे जाऊ नका हं’ हे वाक्य आपल्या प्रत्येकीच्या तोंडी असतं. त्यातून एखाद्या आजींच्या खुनाची बातमी छापून आली, की मग विचारायलाच नको! माझी नणंद अमेरिकेत असते. ती तर दर फोनला बजावते, “वहिनी, आईला मंडईत एकटीला पाठवू नकोस गं.” सासूबाई ७४ वर्षांच्या. मंडई, देऊळ आणि भजनी मंडळ हा त्यांचा रोजचा नेम.

नणंदेची भीती पोकळ नाही. ती राहते त्या देशात काय काय घडलं ते बघा. १४ मे २०२२, शनिवारची दुपार. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात माणसं बाजारहाट करायला सुपरमार्केटात आली होती. एका अठरा वर्षांच्या गोऱ्या मुलाने गोळ्या झाडून दहा जणांना ठार केलं. दहाही जण कृष्णवर्णीय, त्यांतले सहा साठीच्या पुढचे, सर्वांत थोरल्या आजी ८६ वर्षांच्या. कृष्णवर्णीयांची वस्ती मुद्दाम शोधून तो तीनशे किलोमीटरवरून मोटार हाकत आला होता. त्या वस्तीत वाणसामानाचं मोठं दुकान ते एकच; तेही लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली तेव्हा २००३ साली उघडलेलं.

त्याआधी १७ जून २०१५ रोजी चार्ल्स्टन शहरातल्या चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने मारलं. त्याला त्यांनीच आपुलकीने शेजारी बसवून घेतलं होतं! तिथे गेलेल्या सर्वांत वृद्ध बाई ८७ वर्षांच्या होत्या.

आणि २१ जानेवारी २०२३ ची रात्र. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी पार्क गावी चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी नृत्यशाळेत अकरा माणसं मारली गेली, सगळी ५७ ते ७६ वयाची. मारणारा मात्र गोरा नव्हता की तरुण नव्हता. तोही आशियाईच, ७२ वर्षांचा.

बाजार, देऊळ, करमणुकीची जागा. आपल्या सासूबाईही अशाच ठिकाणी जातात, नाही का? तुम्ही म्हणाल, “म्हणूनच म्हणतो, घरात बसा.”

पण थांबा. अशा घटना गाजतात, आपल्या लक्षात राहतात. अमेरिकेत वृद्धांचे जे खून होतात, ते बहुतेक घरातच होतात. पुष्कळदा मारणारा ओळखीचा असतो, कधी मुलगा, कधी नातेवाईक, कधी नवरासुद्धा. आजारी बायकोची सेवा करून थकलेला, एकटा पडलेला म्हातारा तिला गोळी घालतो आणि मग स्वतःलाही, असंही घडतं. बंदूक घरातच असते ना!

तिथल्या कृष्णवर्णीय वृद्धांचा खून होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे. हे काही कुणाच्या रक्तात नसतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना वेगळ्या वस्त्यांत लोटलं, तिथल्या घरांना कर्ज नाकारलं; गरिबी साचत गेली. अशा वस्तीत म्हातारपण काढायचं, म्हणजे जोखीम आलीच.

म्हणून मला वाटतं, कडी-कोयंडा लावून आपण अर्धंच काम करतो. जिच्याकडे कुणी येत नाही आणि जी कुणाकडे जात नाही, तिच्या दंडावरचा काळानिळा डाग कोण पाहणार? भजनात शेजारी बसणारीच ना? मंडईतली भाजीवालीसुद्धा विचारते, “आजी, चार दिवस दिसल्या नाहीत?”

तेव्हा बायांनो, वडीलधाऱ्यांचं जाणंयेणं बंद करू नका, सोबत जोडून द्या. शेजारच्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत तर वाटीभर आमटी घेऊन दार ठोठवा. घरात बिछान्याला खिळलेलं माणूस असेल, तर त्याचं करणारीला, किंवा करणाऱ्याला, आठवड्यातून एक दुपार मोकळी द्या. थकवा माणसाला काय करायला लावेल, सांगता येत नाही. आणि कुठे मारझोड होते असा संशय आला, तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून गप्प बसू नका. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन क्रमांक आहे, तो फडताळाच्या दारावर लिहून ठेवा.

नणंदेलाही मी हेच सांगितलं. आईची काळजी वाटते ना? मग भजनी मंडळातल्या दोघींचे फोन नंबर तुझ्याजवळ ठेव.