स्टॉकहोमची यजमानीण

लग्न ठरण्याआधी मुलाची, क्वचित मुलीची, चौकशी करून घ्यायला येणारे आईवडील हा आपल्याकडच्या खासगी गुप्तहेराच्या व्यवसायाचा कणा आहे. नोकरी सांगतात तीच आहे ना, डोक्यावर कर्ज किती, आधीचं लग्न लपवलंय का, पितो का आणि किती. पुण्यात हीच कामं करत मी या व्यवसायात स्थिरावले. वडिलांच्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड होते, ओढ तिथूनच लागली. पुढे पाळत कशी ठेवायची, सोसायटीच्या वॉचमनला बोलतं कसं करायचं, अहवाल कोर्टात टिकेल असा कसा लिहायचा, हे शिकवणारे चांगले गुरू भेटले. त्यांचं ऋण आहेच. पण ज्याला आपण शोधतो त्या माणसाचाही या व्यवहारात काही हक्क असतो, हे मला स्टॉकहोममधल्या एका बाईंनी शिकवलं. त्यांनी ते शिकवलं एक परिषद भरवून. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या व्यवसायात एखाद्याचं नाव न छापणं हा आदराचाच भाग असतो.

ओळख झाली ती विम्याच्या एका प्रकरणातून. साताऱ्याकडच्या एका मृत्यूच्या दाखल्याची खातरजमा त्यांना हवी होती. पूर्वी त्या विमा कंपनीत फसवणुकीचे दावे तपासायच्या, नंतर त्यांनी स्वतःचं छोटं कार्यालय काढलं. मी गावात जाऊन ग्रामपंचायतीची नोंद पाहिली, दाखला खरा निघाला, तसं कळवलं. त्यांचं उलट पत्र आलं, त्यात पहिला प्रश्न होता: घरच्यांना आता पैसे लवकर मिळावेत म्हणून आणखी कोणता कागद लागेल? दावा खोटा निघाला असता तर कंपनीचे पैसे वाचले असते. तो खरा निघाल्याचा त्यांना आनंद झाला होता, हे माझ्या मनात राहिलं.

मग 2018 साल उजाडलं. लोकांच्या फोन कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना अटक केली आणि बातमी देशाबाहेर गेली. आपल्याकडे या व्यवसायासाठी वेगळा कायदा नाही. 2007 साली राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे सरळ काम करणारा कोण आणि चोरवाटेने जाणारा कोण, हे परदेशातल्या माणसाला कसं कळणार? माझ्याकडे येणारी बाहेरची कामं त्या काळात थांबली. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता त्यांनीही उत्तरं देणं सोडलं. त्याच दिवसांत स्टॉकहोमहून फोन आला. पुढच्या सप्टेंबरात त्या खासगी तपासनीसांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवत होत्या. तुम्ही पाहुण्या म्हणून नका येऊ, माझ्याबरोबर यजमान म्हणून उभ्या राहा, असं त्या म्हणाल्या. आशियातून येणाऱ्या सगळ्यांची जबाबदारी माझ्यावर. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांच्या नावाखाली माझं नाव छापलं गेलं, पुण्याच्या पत्त्यासह. ते पाहून बंद पडलेला पत्रव्यवहार हळूहळू सुरू झाला. हे त्यांनी जाणूनबुजून केलं होतं. बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

या व्यवसायातल्या आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या आहेत. वर्ल्ड असोसिएशन ऑफ डिटेक्टिव्हज आपली सुरुवात 1925 सालची सांगते, कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल इन्व्हेस्टिगेटर्स 1955 सालची. आमची परिषद त्या मानाने लहान होती. पण यजमानाचं काम सगळीकडे सारखंच असतं, आणि ते फार करून बिनपैशाचं असतं.

परिषदेच्या बऱ्याच आधी मी त्यांच्याकडे राहायला गेले. सोडरमाल्म बेटावरच्या जुन्या इमारतीत त्यांचं घर. चपला-बूट दारात काढायचे, ही पद्धत तिथे घरोघर आहे. माझं अर्धं परकेपण उंबऱ्यातच गेलं. तळघरात सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून एक धुणीघर, त्याची वेळ तक्त्यावर आधी राखून ठेवायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही रात्री उशिरापर्यंत नावांचे बिल्ले लावत बसायचो. बिल्ल्यांच्या फिती दोन रंगांच्या होत्या. निळी फीत म्हणजे फोटो काढला तरी चालेल. लाल फीत म्हणजे या माणसाचा चेहरा कुठेही दिसता कामा नये, कारण तो अजून पाळतीच्या कामावर असतो. युरोपचा नवा माहिती संरक्षण कायदा 25 मे 2018 ला लागू झाला होता, त्यामुळे उपस्थितांची यादी वाटायलाही प्रत्येकाची संमती हवी होती. मला ते कटकटीचं वाटलं. त्यांनी मात्र एकेकाला स्वतः फोन करून विचारलं. दोघांनी नको म्हटलं. त्या दोघांची नावं यादीतून गाळली आणि त्यांच्यासाठी जेवणाच्या टेबलावरची पाटीही कोरी ठेवली.

शेंगेन व्हिसासाठी निमंत्रणपत्रं लागतात. छापील मसुदा करून त्यात नाव बदललं असतं तरी भागलं असतं. त्यांनी प्रत्येक पत्र वेगळं लिहिलं: हा माणूस कोण, परिषदेत काय मांडणार, तो आला नाही तर आमचं काय अडेल. मुंबईचे एक जैन सहकारी कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत, असं मी सांगितलं तेव्हा त्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात जाऊन आचाऱ्याशी बोलून आल्या. स्वीडनमधल्या बऱ्याच दुकानांत रोख पैसे घेतच नाहीत. आपले लोक खिशात नोटा घेऊन अडकतील म्हणून त्यांनी महिनाभर आधी मला बजावलं, सगळ्यांची कार्डं परदेशात चालतात ना, बघून घ्या. रात्रीच्या मेजवानीत कोण कुणाशेजारी बसणार यावर त्यांनी जितका विचार केला तितका मी एखाद्या मोठ्या तपासातही करत नसेन. नवराबायको वेगळ्या टेबलांवर, पहिल्यांदा आलेला माणूस एखाद्या बोलक्या मुरलेल्याच्या उजव्या हाताला. तिथे आणखी एक रीत आहे: ग्लास उंचावताना आणि खाली ठेवतानाही समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. माझ्या ग्लासात लिंगनबेरीचं सरबत होतं. त्यांनी सर्वांत आधी माझ्याकडे बघून ग्लास उचलला.

स्वीडन हा आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने विलक्षण देश आहे. सरकारी कागद कुणालाही बघता यावेत हा नियम तिथे 1766 सालच्या वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या कायद्यातून आलेला आहे. आपल्याकडे माहितीचा अधिकार 2005 साली आला. त्यातही कारण सांगावं लागत नाही, पण नाव-पत्ता द्यावा लागतो. तिथे साधारणपणे तेही विचारायची मुभा कर्मचाऱ्याला नाही. प्रत्येक नागरिकाला 1947 पासून व्यक्तिक्रमांक आहे. लोकांची नोंद शेकडो वर्षं चर्चच्या पॅरिशकडे होती, 1991 पासून ती कर खात्याकडे आली. एखाद्याचा पत्ता हवा असेल तर फोन उचलायचा आणि कर खात्याला विचारायचं. इतर देशांतून आलेल्या तपासनीसांना हे ऐकून स्वर्गात आल्यासारखं झालं. आम्ही आठवडे घालवतो त्या कामाला इथे पाच मिनिटं.

त्यावर नॉर्वेहून आलेल्या एका सहकाऱ्याने त्यांच्याकडची गोष्ट सांगितली. नॉर्वेत प्रत्येकाचं उत्पन्न आणि कर कुणालाही पाहता येतो, पण 2014 पासून तुमची माहिती कुणी पाहिली हे तुम्हालाही कळतं. तेव्हापासून असे शोध फार कमी झाले. बघणाऱ्याला आपण दिसतोय हे कळलं की हात आखडतो, असं तो म्हणाला. सभागृहात थोडी कुजबुज झाली.

पण हे दुपारचं. खरं जे घडलं ते त्या दिवशी सकाळी, पहिल्याच सत्रात. अशा परिषदांची पहिली सकाळ नव्या उपकरणांची नाहीतर नव्या कायद्यांची असते. आमच्या यजमानीणबाईंनी ती वेळ एका पत्राला दिली होती. लिहिणारी बाई तिथे येऊ शकत नव्हती, कारण ती संरक्षित लोकनोंदणीखाली राहत होती. 2019 च्या जानेवारीत सुरू झालेल्या या व्यवस्थेत धोक्यात असलेल्या माणसाचा खरा पत्ता नोंदीत दिसतच नाही, त्याचं टपाल कर खात्यामार्फत पोचतं. ही बाई मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळून दुसऱ्या गावी गेली होती. नवऱ्याने पैसे देऊन एका खासगी माणसाकडून तिचा माग काढला. त्या माणसाने दातांच्या दवाखान्यातून बोलतोय असं सांगून मुलाच्या शाळेत फोन केला आणि शाळेचं गाव काढून घेतलं. पुढचं तिने दोनच ओळींत लिहिलं होतं, मीही अधिक लिहीत नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की त्या माणसाने गिऱ्हाइकाला एकदाही विचारलं नाही, तुम्हाला ही कशासाठी हवी आहे?

पत्र आमच्या बाईंनीच वाचलं, सावकाश, मान वर न करता. नंतर चर्चा ठेवली नव्हती. पाऊण तासाची कॉफी ठेवली होती. एवढी लांब सुट्टी का, असं मी कार्यक्रम आखताना त्यांना विचारलं होतं. लोकांना उभ्याउभ्या एकमेकांशी बोलायला तेवढा वेळ लागेल, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तसंच झालं. दालचिनीचे बन ताटांत तसेच राहिले. दूरच्या देशातले एक ज्येष्ठ तपासनीस माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, शाळेत फोन करायची ही युक्ती मी शिष्यांना शिकवतो. मीही ती वापरलेली होती. ट्यूशनच्या नावाने, कुरिअरच्या नावाने; आपल्याकडे कोण वापरत नाही?

दुपारी एकाने उघड हरकत घेतली. गिऱ्हाइकाचं गुपित राखणं हे आपलं पहिलं कर्तव्य आहे, शोधल्या जाणाऱ्याची काळजी पोलिसांनी करावी. बाईंनी वाद घातला नाही, स्वतःची कामाची पद्धत सांगितली. माणूस सापडला की त्या पत्ता गिऱ्हाइकाला देत नाहीत. सापडलेल्या माणसाला पत्र लिहितात: अमुक तुम्हाला शोधतो आहे, या कारणासाठी, कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कोर्टाचे कागद बजावायचे असतील तर वकिलामार्फत. या पद्धतीपायी गेलेल्या कामांचा हिशेबही त्यांनी सांगितला, आणि तो थोडा नव्हता. माझ्या मते त्या परिषदेतलं सर्वांत धाडसी वाक्य ते होतं, कारण समोर बसलेली सगळी धंद्याची माणसं होती.

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वासा जहाज बघायला नेलं. राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याची ही युद्धनौका 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्याच सफरीत बंदरातच बुडाली. चौकशी बसली, कप्तानाला प्रश्न विचारले, जहाज बांधणारा मुख्य कारागीर आदल्या वर्षीच वारला होता, आणि अखेर कुणालाच शिक्षा झाली नाही. तपासनीस त्या काळ्या सागवानी रंगाच्या प्रचंड सांगाड्यासमोर तासभर तावातावाने बोलत होते: साक्षी कशा घेतल्या असतील, राजाचं नाव कुणी घेतलं असेल का. मला जास्त भावला तो अँडर्स फ्रान्सेन. सरकारने नेमलेला नसताना या इंजिनिअरने दफ्तरं धुंडाळली, बंदराचा तळ चाचपला, आणि 1956 साली त्याच्या उपकरणाला काळ्या ओकचा तुकडा लागला. 1961 साली जहाज वर आलं. बाई म्हणाल्या, बुडालेलं जहाज काढायला त्याची परवानगी लागत नाही, म्हणून ते मला सोपं काम वाटतं.

परिषदेनंतर वर्षाच्या आत कोविड आला. त्या बंद दिवसांतच गोटेबर्गहून एका बाईची ईमेल आली. ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातून स्वीडनला दत्तक गेलेली होती, तिला जन्मदात्री आई शोधायची होती. पूर्वीची मी असते तर जुन्या पत्त्यावर जाऊन आजूबाजूला चौकशी सुरू केली असती, आणि एका म्हाताऱ्या बाईचं चाळीस वर्षं जपलेलं गुपित तिच्या सुनेसमोर उघडं पडलं असतं. आपल्याकडे तेव्हा लागू असलेल्या 2017 च्या दत्तक नियमावलीतही असा शोध तिऱ्हाइताला घेता येत नव्हता. तो हक्क दत्तक गेलेल्या व्यक्तीचाच. मी तिला तसं लिहिलं. अर्ज तिने स्वतः केला, मी कागद वाचून देण्यापुरती राहिले. टाळेबंदीमुळे सगळं रखडलं. पुष्कळ काळाने दत्तक संस्थेच्या समाजसेविकेमार्फत आईचा निरोप तिला मिळाला, मराठीत लिहिलेला. भेट नको होती. पण तिने चार ओळी सांगितल्या होत्या, आणि लेकीला आपण काय नावाने हाक मारायचो तेही.

तो कागद मी वाचून दाखवावा, असं तिने मला विचारलं. ती तिथे एकटी राहत होती. मी स्टॉकहोमला फोन करून सगळं सांगितलं. बाईंनी तोपर्यंत काम थांबवलं होतं, गुडघे दुखत होते. त्या सकाळच्या गाडीने तीन तासांचा प्रवास करून गोटेबर्गला गेल्या. मी पुण्यातून व्हिडिओवर एकेक ओळ वाचत होते, इंग्रजीत सांगत होते, आणि त्या तिच्याशेजारी सोफ्यावर बसल्या होत्या. नावाची ओळ आली तेव्हा तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून पाहिलं. बाईंनीही म्हणून पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्या तिथेच राहिल्या, जेवण करून, भांडी आवरून रात्रीच्या गाडीने परतल्या.

तुमचं बिल पाठवा, असं मी त्यांना लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, सोबत फक्त रेल्वेचं तिकीट जोडलेलं, दुसऱ्या वर्गाचं, ज्येष्ठ नागरिकांची सवलत वजा करून. तेवढे पैसे मी पाठवले.